कवडीचा तंग

शनिवारी सकाळी सात वाजता कवडीने कल्याणीच्या दंडाला तोंड घातलं. चावा म्हणावा असं ते नव्हतं. स्वेटरची बाही दातांत धरून एक हिसका दिला आणि कान मागे पाडून ती पुन्हा भिंतीकडे बघत उभी राहिली. पण उद्या याच वेळी याच घोडीवर बसून वीस किलोमीटर जायचं होतं, त्यामुळे तेवढा हिसकाही पुरेसा होता.

"बघा," घोडीची निगा राखणारा मोतद्दार जयसिंग म्हणाला. पोटाखालून घेतलेला तंग त्याच्या हातात होता, गुडघा घोडीच्या बरगडीला टेकलेला. "आज बी तेच. मालक गेल्यापासनं हिला पाठीवर कायबी नको झालंय. दुःख करतीय ती."

एवढं बोलून त्याने श्वास रोखला, खोगिराचा पट्टा तंगाच्या बकलातून वर ओढला आणि जिथे लाल दोरा बांधला होता त्या पाचव्या छिद्रात काटा अडकवला. दोरा त्यानेच बांधला होता, हिंमतरावांच्या तेराव्याच्या दिवशी. मालक तंग पाच नंबरवर आवळायचे. त्यांच्यामागे कुणाकडून चूक होऊ नये. देवघरातली मांडणी घरातलं माणूस गेल्यावरही कुणी हलवत नाही, तसा पागेतला हा पाच नंबर तीन महिने कुणी हलवला नव्हता.

पागा म्हणजे किरकटवाडीत दोन मोठ्या सोसायट्यांच्या मध्ये उरलेली पत्र्याची शेड आणि पुढचं अर्ध्या एकराचं रिंगण. घोडदळातून निवृत्त होऊन आल्यावर हिंमतरावांनी भावकीतल्या इतरांसारखी जमीन बिल्डरला दिली नाही. पाच घोडी बांधली आणि वीस वर्षं सोसायट्यांतल्या पोरांना बसायला शिकवलं. सप्टेंबरात चार दिवसांच्या तापात ते गेले. चार घोडी ओळखीच्या क्लबांनी नेली. कवडी राहिली, कारण ती शाळेची नव्हती, त्यांची स्वतःची होती. काठेवाडी, सुपारीच्या रंगाची, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका आणि टोकं एकमेकांना भिडतील असे कान.

कवडी दुःख करते हे आता गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खोगीर घातलं की ती थरथरते, पोट आखडते, दौडीला सोडलं की उसळते. सोसायटीतल्या कुणीतरी तिचा व्हिडिओ काढून त्यावर सनईचे सूर चढवले होते. कल्याणीला तो व्हिडिओ मुळीच आवडला नव्हता. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती, वयाने एकेचाळीस, आणि हिंमतराव, तिचे अण्णा, गेल्यानंतर पाचव्या दिवशी कामावर हजर झाली होती. तरी मनातल्या मनात तिला एका गोष्टीचं बरं वाटायचं. आपल्या घरात निदान कुणीतरी उघडपणे शोक करतंय.

तिचा धाकटा भाऊ रणजित मात्र या शोकाला वैतागला होता. तीन आठवड्यांपूर्वी कवडीने त्याला रिंगणाच्या कुंपणावर फेकलं होतं आणि तेव्हापासून त्याचं डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं. हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये लोक विचारायचे, तेव्हा तो जिन्यावरून पडलो म्हणून सांगे. त्याने शिरूरकडच्या एका वरातवाल्याशी बोलून ठेवलं होतं. सोमवारी टेम्पो येणार आणि घोडी जाणार. बँडपुढे नाचवण्यासाठी कवडीला काय काय शिकवतील हे कल्याणीने एकदाच डोळ्यांपुढे आणलं, पुन्हा आणलं नाही. तिने रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. खडकवासल्याच्या पलीकडे, पाण्याच्या कडेने दरवर्षी वीस किलोमीटरची घोड्यांची राइड होते. अण्णांनी जूनमध्येच कवडीचं नाव दिलं होतं. तिच्यावर बसून ती पुरी केली आणि घोडी धडधाकट परत आली, तर राहील.

रणजितने विचारलं होतं, "आणि पडलीस तर?"

"तर सोमवारी टेम्पोत मलाही घाल."

म्हणून शनिवारची ही शेवटची तालीम. लांब दोरीवर कवडी चालली, दुडक्या चालीलाही बऱ्यापैकी गेली. पण दौडीचा इशारा मिळताच पाठीची कमान करून असे चार झटके दिले की जयसिंगच्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली. वीस मिनिटांनी थांबवून त्याने खोगीर उतरवलं आणि पाठ पुसायला फडकं उचललं.

"थांबा," कल्याणी म्हणाली.

का म्हणाली, ते तिला लगेच सांगता आलं नसतं. तिला आठवलं ते इतकंच, की अण्णा खोगीर काढल्यावर कधीही लगेच पाठ पुसत नसत. दोन पावलं मागे जाऊन, डोकं तिरकं करून ती ओली पाठ बघत राहत. लहानपणी तिला वाटायचं, कौतुकाने बघताहेत.

तीही दोन पावलं मागे गेली. खोगिराखालची सगळी पाठ घामाने काळी झाली होती. फक्त मान संपते तिथल्या उंचवट्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन डाग होते. कोरडे ठणठणीत. भर पावसात दगड उचलावा आणि त्याखालची माती सुकी निघावी तसे.

तिने डाव्या डागावर अंगठा टेकवून हळूच दाबलं. कवडीची पाठ झपकन खाली गेली. उजवीकडे दाबलं, पुन्हा तेच. मध्ये दाबलं, काही नाही. मागे दाबलं, काही नाही.

"जयसिंग, ती दुःख करत नाहीये," कल्याणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच चढलेला वाटला. "तिला टोचतंय."

जयसिंगचा चेहरा असा झाला की जणू देवाच्या नावाने घरात चाललेलं काही खोटं निघालं.

यानंतरचे चार तास कल्याणी धावत होती. घरी जाऊन आईला म्हणाली, ज्वारीचं पीठ दे. मथुराबाईंनी किती भाकरी म्हणून विचारलं. घोडीच्या पाठीला लावायचंय म्हटल्यावर त्यांनी मुलीकडे क्षणभर पाहिलं आणि पूर्ण डबाच हातात दिला. पागेत येऊन तिने कवडीची वाळलेली पाठ पांढरी केली. खोगिराखाली जाडजूड लोकरीचे दोन नमदे होते. एक अण्णांचा, दुसरा जयसिंगने महिन्याभरापूर्वी घातलेला, घोडीची कातडी हळवी झाली म्हणून. दोन्ही बाजूला काढले आणि नुसतं खोगीर पिठावर ठेवून, तंग अगदी सैल बांधून तिला चार पावलं चालवलं. मग अलगद उचललं.

पिठावरची अक्षरं साफ वाचता येत होती. पुढे दोन ठिकाणी पीठ चेपून कातडीला चिकटलं होतं, मागे जरा पुसलं होतं आणि मधल्या वीतभर जागेत ज्वारी तशीच्या तशी. दोन विटांवर टेकवलेल्या फळीसारखं खोगीर घोडीच्या पाठीवर उभं होतं, आणि त्या फळीवर गेले तीन महिने माणसं बसत होती.

"पण खोगीर तर तेच हाय," जयसिंग म्हणाला.

"खोगीर तेच आहे. घोडी तीच आहे का? हिला काय घालता तुम्ही?"

मग निघालं ते निघालं. मालक गेल्यावर कवडी उदास दिसायची म्हणून जयसिंग तिला रोज दोन वेळा जास्तीचा भिजवलेला हरभरा घालत होता, वर गुळाचा खडा. काम निम्म्यावर आलेलं, खुराक दुप्पट. खांदे आणि पाठ भरून आली होती. खोगीर तिथे अरुंद पडू लागलं. ती थरथरू लागली तसा त्याने दुसरा नमदा घातला, म्हणजे घट्ट चपलेत जाड मोजा. आणि एवढं सगळं झाल्यावर तंग मात्र पाच नंबरवरच यायला हवा म्हणून गुडघा लावून ओढत होता. कल्याणीने मघाचा आवळलेला तंग आठवून पाहिला. त्याच्याखाली दोन बोटं तर सोडाच, नखसुद्धा गेलं नसतं.

"मीच केलं म्हना की," तो म्हणाला.

"आपण सगळ्यांनी केलं. आता अण्णा असते तर काय केलं असतं ते सांगा. काहीही आठवू दे."

जयसिंग म्हणाला, की मालक मधूनमधून एक जाड तार घोडीच्या पाठीवरनं वाकवायचे, ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचे आणि तो कागद घेऊन कॅम्पात संभाजी खोगीरवाल्याकडे जायचे. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. तारही कधी फेकली नव्हती. ती खुंटीला होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी कल्याणीने खोगीर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. शेजारी वर्तमानपत्राचं पान, त्यावर कवडीच्या पाठीची पेन्सिलने काढलेली कमान. सिंहगड रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. संभाजींचं दुकान एकला बंद होतं हे तिला ठाऊक होतं आणि पुण्यात एकला म्हणजे एकला. तिने आयुष्यात प्रथमच रिक्षावाल्याला हॉर्न वाजवून बाजूला सारलं. रेसकोर्समागच्या गल्लीत ती पोचली तेव्हा पांढऱ्या मिशांचे, सत्तरीचे संभाजी शटर अर्ध्यावर ओढून खाली वाकलेले होते.

"चारला," ते न बघताच म्हणाले.

"उद्या सकाळी सातला राइड आहे."

"मग परवा या. निवांत."

तिने खोगीर पायरीवर ठेवलं. संभाजींनी ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि शटर आवाज न करता वर सरकवलं.

"हिंमतरावांचं हे," ते म्हणाले. "दिवाळीनंतर आणतो म्हणाले होते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मुलगी का?" तिने मान हलवली. हिंमतराव गेल्याचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलेलं असावं. खोगीर मांडीवर उलटं घेऊन त्यांनी तळाच्या गाद्यांवरून बोटं फिरवली.

"घोडी कुठाय?"

"किरकटवाडीला."

"मग मी हे बसवू कुणाच्या पाठीवर? तुमच्या?"

तिने वर्तमानपत्र उलगडलं. संभाजींच्या भुवया वर गेल्या. उठून त्यांनी फडताळातून एक फुगलेली फाइल काढली आणि तिच्यातले कागद टेबलावर मांडत गेले. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, विजेचं जुनं बिल. प्रत्येकावर पेन्सिलची एक कमान आणि अण्णांच्या उभट अक्षरात तारीख. मार्च. जुलै. नोव्हेंबर. पुन्हा मार्च. प्रत्येक कमानीखाली एक आकडा. चार. तीन. पाच. चार. तीन. पाच.

"हे आकडे?" कल्याणीने विचारलं, पण तिला कळलेलं होतं.

"तंगाचे. त्या मोसमाला कुठल्या छिद्रावर येतो ते."

"आम्हाला वाटत होतं, त्यांचा पाच नंबर ठरलेला होता."

"त्यांचा?" संभाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "त्यांचा कसला नंबर. नंबर घोडीचा असतो, बाई. खुराकात डाळी घातल्या की बदलतो, पाऊस झाला की बदलतो. ते दर वेळी बोटं घालून बघायचे. पाच नंबर शेवटच्या खेपेचा होता, एवढंच."

तिने आपला कागद सगळ्यांवर ठेवला. तिची कमान सगळ्यांच्या बाहेरून जात होती. ती हसली. दुकानात, अनोळखी माणसासमोर, एकाएकी. मग एक कागद उचलून तिने त्यावरची तारीख वाचली आणि तो पुन्हा जागेवर ठेवला.

संभाजींनी जेवण पुढे ढकललं. गाद्यांची शिवण उसवून लाकडी आकड्याने पुढच्या बाजूची दाबून गठ्ठा झालेली लोकर ओढून काढली, पिंजली, निम्मी परत भरली. मधल्या पोकळीत थोडी घातली, मागे चिमूटभर. दर थोड्या वेळाने वर्तमानपत्रावरची कमान बघत, तळव्याने थापटत. तीन वाजता त्यांनी दोरा तोडला. आतला सांगाडा रुंद आहे, दोष भरणीचा आणि नमद्यांचा होता, असं म्हणाले. वर एकच पातळ नमदा घालायचा. तंग एका दमात आवळायचा नाही; आवळायचा, चालवायचं, पुन्हा बघायचं.

"आणि त्या मोतद्दाराला सांगा, घोडी आहे ती, जावई नाही."

कल्याणीने ते शब्दशः सांगितलं. जयसिंगने ऐकून घेतलं. मग कवडीला बाहेर काढून त्याने स्वतःच खोगीर जरा पुढे ठेवलं आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत गेला, ते आपोआप थांबेपर्यंत. तंग घोडीच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटांवर आला. पट्टा दुसऱ्या छिद्रावर. एक फेरी चालवून तिसऱ्या. पुढचे दोन्ही पाय एकेक करून समोर ताणले, म्हणजे तंगाखाली कातडीची सुरकुती राहू नये. कवडी अंग चोरत उभी होती, नेहमीच्या वेदनेची वाट बघत. ती आली नाही. तिने मान खाली घातली, तोंड उघडलं आणि लांबलचक जांभई दिली.

कल्याणीने तंगाखाली दोन बोटं घातली. गेली.

जयसिंगने खिशातून सुरी काढून लाल दोरा कापला. कुठे टाकावा ते न कळून त्याने तो मुठीतच ठेवला. त्या दिवशी त्यांनी तिला दौडीला घातलं नाही. पाठ दुखरी होती, कोमट पाण्याने शेकून तिला विसावा दिला. उसळते की नाही, हे उद्याच कळणार होतं.

रविवारी पहाटे थंडी कडक होती. डोणज्याच्या अलीकडच्या माळावर चाळीसेक घोडी जमली होती, सगळ्यांच्या नाकातून वाफा. राइडचे डॉक्टर आमोद तरुण होते, बोलणं कमी. त्यांनी कवडीचे पाय, डोळे, ठोके पाहिले आणि पाठीवरून बोटं दाबत नेली. डाव्या बाजूला कातडी किंचित उडाली.

"थोडं कोवळं आहे इथे."

"काल कळलं. खोगीर बदलून भरलंय."

"चालेल. पण पहिल्या दहा किलोमीटरनंतर मी पुन्हा बघणार. तसूभर जरी वाढलेलं असलं तरी तिथेच थांबायचं. मान्य?"

"मान्य," कल्याणी म्हणाली. कुंपणापलीकडे रणजित उभा होता, प्लास्टरचा हात जॅकेटच्या आत. त्याने हात हलवला नाही, पण साडेसहा वाजता आला होता.

मग कर्ण्यावरून नावं पुकारली जाऊ लागली. कल्याणीने पंधरवड्यापूर्वीच नाव बदलून घेतलं होतं; यादी मात्र जूनची निघाली. "क्रमांक सतरा. घोडी कवडी. स्वार, हिंमतराव." जयसिंगने चमकून वर पाहिलं. रणजित पुकारणाऱ्याच्या टेबलाकडे निघालासुद्धा. कल्याणीने रिकिबीत पाय रोवला, हात उंच केला आणि म्हणाली, "हजर."

निशाण पडलं.

पहिले दोन किलोमीटर तिने कवडीला चालीतच ठेवलं. घोडी मागून येत होती, पुढे जात होती, धूळ उडत होती. कवडीचे कान सारखे फिरत होते आणि तिला जायचं होतं. दुडकी चाल सुरू केली. पाठ खाली गेली नाही. डावीकडे धरणाचं पाणी उजळू लागलं, उजवीकडे हरभऱ्याची शेतं. तिसऱ्या किलोमीटरला वाट रुंद झाली, लांब, सपाट, मऊ मातीची. इथेच, हे कल्याणीला कळलं. तिने टाच किंचित मागे नेली आणि आपल्या नकळत खोगिराचा पुढचा भाग घट्ट धरला.

कवडी एक क्षण थबकली. जणू तिनेही विचारून घेतलं. मग मान लांबवली आणि सुटली.

उसळी नाही, कमान नाही. नुसते चार पाय आणि खालून सरकणारी जमीन. तीन महिन्यांचं साठलेलं चालणं ती एका दमात काढत होती. कान पुढे होऊन टोकाला टोक भिडलं होतं, वारा दातांवर येत होता, आणि कल्याणीने खोगीर सोडून दिलं. हात मानेवर आले, जिथे असायला हवेत तिथे. पुढच्या वळणावर तीन घोडी होती. ती कधी मागे पडली कळलं नाही. आपण मोठ्याने काहीतरी बोलतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ती अण्णांना सांगत होती, की तंग तिसऱ्या नंबरवर बसलाय, अगदी नीट बसलाय. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने, असं तिने नंतर सांगितलं.

दहा किलोमीटरच्या थांब्यावर जयसिंग बादल्या घेऊन तयार होता. खोगीर उतरलं. डॉक्टरांनी नळी लावली. वीस मिनिटांत ठोके चौसष्टच्या खाली यायला हवे होते. पहिल्यांदा ब्याण्णव निघाले. इतकी दौड करायला नको होती, आणि ते कल्याणीला मोजण्याआधीच कळलं होतं. जयसिंगने मानेवर, पायांच्या आत पाणी मारलं, पुसलं, सावलीत चालवलं. दहा मिनिटांनी बहात्तर. रणजित कुंपण ओलांडून आत आला आणि एका हाताने बादली धरू लागला. पंधरा मिनिटांनी अडुसष्ट. अठराव्या मिनिटाला डॉक्टरांनी घड्याळावरून नजर उचलली.

"साठ."

जयसिंगने बादली खाली ठेवली. पण डॉक्टरांचं काम संपलं नव्हतं. ते पाठीकडे वळले. सगळी पाठ घामाने एकसारखी ओली होती; कोरडा डाग कुठेच नव्हता. डाव्या बाजूला बोटं आली. दाबली. कवडीने मान वळवून त्यांच्या खिशाचा वास घेतला. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोराने.

"सकाळपेक्षा बरी आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच नवल वाटल्यासारखे कल्याणीकडे बघू लागले. "जा तुम्ही."

दुसरी फेरी तिने शहाण्यासारखी काढली. पळू दे म्हणून कवडीने दोनदा लगाम ओढून पाहिला, तिने दिला नाही. मध्ये एकदा खाली उतरून तंगाखाली बोटं घातली. घामाने आणि चालीने पोट उतरलं होतं, चार बोटं सहज जात होती. तिने पट्टा एक घर वर घेतला. पुढे एक खाकी ब्रिचेसमधले गृहस्थ त्यांना मागे टाकून गेले, मग दोन कॉलेजच्या मुली. जाऊ दिलं. अकरावा नंबर आला. शेवटच्या तपासणीत ठोके, पाय, पाठ, सगळ्यांपुढे डॉक्टरांनी बरोबरची खूण केली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

रणजितने ते कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि खिशातून फोन काढून जरा लांब गेला. तरी ऐकू येत होतं.

"नाही, टेम्पो नका पाठवू. नाही, घोडी द्यायची नाही... अहो, दुःख-बिःख काही नव्हतं. तिला कपडे घट्ट होत होते."

इकडे जयसिंगने लगाम काढून कवडीला मोकळ्या रानात सोडलं होतं. तिने दोन पावलं टाकली, माती हुंगली, गुडघे मोडले आणि धाडकन आडवी झाली. ओली पाठ धुळीत घासत, चारही पाय आकाशात हलवत ती डावीकडून उजवीकडे लोळली, पुन्हा उजवीकडून डावीकडे, घोरल्यासारखा आवाज काढत. राइडला आलेले लोक थांबून हसू लागले. मग ती उठली आणि अंग झाडलं. धुळीचा ढग सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला.

कल्याणीचा फोन वाजत होता. आई होती.

"काय करतेय घोडी?" मथुराबाईंनी विचारलं.

"लोळतेय."

"आणि तू?"

कल्याणीने बाहीने डोळे आणि त्यांवरची धूळ एकदमच पुसली.

"मला खूप भूक लागलीय गं," ती म्हणाली.

"या मग," आई म्हणाली. "तवा ठेवते."